धुतलेला उंदीर

रोसारियो या किनाऱ्यावरच्या गावच्या मासळी बाजारात होनोराताच्या ओट्याला मासळीचा वास येत नाही, असं लोक म्हणतात. हे अर्थात खरं नाही. मासळीच्या ओट्याला मासळीचाच वास येणार. पण तिच्याकडून नेलेला मासा घरी गेल्यावर पुन्हा धुवावा लागत नाही, एवढं मात्र खरं. खवले काढायचे, कल्ले उपटायचे, पोट साफ करायचं, मग जाडं मीठ चोळायचं, वर दोन कालामान्सी लिंबं पिळायची आणि मग तीन पाण्यांनी धुवायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तीन पाणी चुकायचं नाही. "राहू दे मावशी, मी घरी धुते," असं एखादी म्हणाली की होनोराता सुरी खाली ठेवून तिच्याकडे नुसती बघते. मग ती बाई मुकाट उभी राहते.

एकतीस वर्षं हेच चाललंय. नवरा होता तोवर त्याच्या होडीतली मासळी विकायची, तो गेल्यावर लिलावातून घेऊन विकू लागली. दुपारी ओटा धुतला की घर. घरी आल्यावर पुन्हा तीच लिंबं हातांना, कोपरापर्यंत, नखं ब्रशनं घासून, आणि मगच जपमाळ हातात. मरियामातेसमोर मासळीच्या हातांनी बसायचं नाही, हा तिचा नियम. शेजारच्या ओट्यावर सुकी मासळी विकणारी सेलिंग म्हणते, "अगं, मरियामातेचा मुलगा सगळा वेळ कोळ्यांच्यातच वावरायचा. तिला काय या वासाचं नवल?" होनोराताला हे पटतं. लिंबू चोळायचं मात्र ती सोडत नाही.

आता या बाईचं आणि सापाचं सांगायचं तर आधी तिनं केलेली एक वाईट गोष्ट सांगायला हवी.

तिला एकच मुलगा, एर्विन. मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. लहानपणापासून त्याला सापांचं वेड. का, ते विचारू नये; कुणाला कोंबडे झुंजवायचं असतं, कुणाला गाण्याचं, तसं याला सापांचं. सहा वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा आपला साप आईच्या हवाली करून गेला. होनोराताला सापाची भयंकर भीती. अकरा दिवस तिनं कळ काढली. बाराव्या दिवशी पेटी तीनचाकी सायकलगाडीत घातली, "खेकडे आहेत," असं गाडीवाल्याला सांगितलं आणि नदीच्या तोंडाशी खारफुटीत जाऊन साप सोडून दिला. पेटी ब्लीचनं धुऊन अंगणात उपडी घातली. एर्विन आला तेव्हा म्हणाली, "पळाला." गाडीवाल्यानं वाटेत खेकडे सळसळताना ऐकले होते, त्याला काय ते कळलं होतं, आणि त्यानं ते अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

एर्विननं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. पुढच्या फेरीला निघून गेला आणि चौदा महिने आईशी बोलला नाही. पैसे यायचे, निरोप त्याच्या मामीकडून यायचा, नाताळला फोन यायचा तोही मामीकडेच. होनोराता मामीच्या दारात उभी राहून फोनमधला आवाज ऐकायची. मग एका ईस्टरला तो घरी आला, माशाचं आंबट कालवण दोनदा वाढून घेतलं, आणि सगळं पुन्हा सुरू झालं. सापाचा विषय मात्र दोघांपैकी कुणीच पुन्हा काढला नाही.

म्हणून या वर्षी फेब्रुवारीत तो काचेची पेटी घेऊन दारात उभा राहिला तेव्हा ती दोन पावलं मागे सरकली. पेटीत बिको होती. लहान जातीच्या अजगराची मादी, हातभरापेक्षा थोडी लांब, गुळाच्या चिकट भातासारख्या रंगाची, म्हणून त्या पक्वान्नाचंच नाव. इतके दिवस ती मित्राकडे असायची. मित्र नोकरीसाठी दुबईला चालला होता.

"आई, दुसरं कुणी नाही," एर्विन म्हणाला. बस, एवढंच. सांभाळशील का, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं काय विचारलं नाही ते तिला बरोबर ऐकू आलं.

"ठेव," ती म्हणाली.

त्यानं मागच्या पडवीत एक जुना छोटा फ्रीज आणून बसवला. तो फक्त उंदरांचा. पांढरे उंदीर, एका पिशवीत एक, गोठून दगड झालेले. फ्रीजच्या दारावर त्यानं नियमांचा कागद चिकटवला. उंदीर आदल्या दिवशी पिशवीसकट खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिशवी कोमट पाण्यात धरायची, उकळत्या पाण्यात नाही. जेवणाच्या भांड्यांजवळ आणायचा नाही. लांब चिमट्यानं द्यायचा, हातानं नाही. बिकोनं खाल्ला नाही तर टाकून द्यायचा, पुन्हा गोठवायचा नाही. शेवटी साबणानं हात धुवायचे.

होनोरातानं कागद चष्मा लावून वाचला आणि तिला हसूच आलं.

"हे मला शिकवतोस? एकदा विरघळलेला मासा पुन्हा बर्फात घातला तर काय होतं ते तुझ्या बापाला मी शिकवलंय. आणि हे बघ, यात पोट दाबून बघायचं लिहिलंच नाहीस. वरून मऊ असतो, आत बर्फाचा खडा राहतो. तिच्या पोटात गेला तर?"

एर्विननं पेन काढून मुकाट तेही लिहिलं. मग उंदीर कसा द्यायचा ते दाखवायला त्यानं तिला बोलावलं. ती आली, पण पडवीच्या दारात पाठ करून उभी राहिली. "मी ऐकतेय, तू सांग," म्हणाली. भीती इतक्या लवकर जात नाही. सगळा घोटाळा इथेच झाला, पण तो तेव्हा कुणाला कळायचा?

तो गेल्यावर पहिल्या रविवारी होनोराता कंबर कसून कामाला लागली. उंदरांसाठी लाल पट्टी लावलेला वेगळा टोप, वेगळा टॉवेल, रबरी हातमोजे, सगळं घराबाहेर धुण्याच्या दगडापाशी. पिशवी कोमट पाण्यात धरली, पोट दाबून पाहिलं, मऊ लागलं. पिशवी उघडली आणि तिनं नाक मुरडलं. उंदराला उंदराचा वास येत होता. कुबट, उग्र. आता घरात पाहुणी आहे, भले ती साप असो, तिच्या पुढ्यात असलं घाणेरडं वाढायचं? आपल्या हातून एकतीस वर्षांत असं काही कुणाच्या ताटात गेलं नाही. तिनं जाडं मीठ घेतलं, उंदराला हलक्या हातानं चोळलं, दोन कालामान्सी पिळली, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावला आणि तीन पाण्यांनी धुतलं. टॉवेलनं टिपून, पुन्हा कोमट करून चिमट्यात धरला तेव्हा उंदीर नुसता पांढराशुभ्र, लिंबाच्या सरबतासारखा घमघमत होता.

असं करू नको हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. असं कुणी करेल हे एर्विनच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बिको पुढे आली. जीभ दोनदा बाहेर काढली. मग मान फिरवली आणि आपल्या नारळाच्या करवंटीखाली जाऊन बसली.

रात्री एर्विनचा फोन आला. "खाल्लं?"

"खाल्लं," होनोराता म्हणाली. पुढच्या रविवारी खाईलच, मग त्याला उगाच काळजी कशाला, असा तिचा विचार. खोटं बोलायला असा एखादा चांगला विचार नेहमी हाताशी असतोच.

पुढच्या रविवारी तिनं उंदीर चार पाण्यांनी धुतला. बिकोनं मान फिरवली. त्याच्या पुढच्या रविवारी आल्याचा रसही लावला, कारण शिळ्या बांगड्याला तो चालतो. तरी तेच. न खाल्लेला उंदीर ती कागदात गुंडाळून शेवग्याच्या झाडाखाली हातभर खोल पुरायची, वर दगड ठेवायची आणि पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायची. मग फोन यायचा. "खाल्लं?" "खाल्लं."

ओट्यावर बाद झालेला एक जुना वजनकाटा होता, तो तिनं पडवीत आणला. भीती कुठे गेली कुणास ठाऊक. काळजी वाढली तशी ती बिकोला दोन्ही हातांनी उचलून टोपलीत ठेवू लागली. एर्विननं जाताना सांगितलं होतं सहाशे चाळीस ग्रॅम. सहाव्या आठवड्यात पाचशे पंच्याऐंशी. मासळीवालीला ग्रॅमचं महत्त्व सांगावं लागत नाही. त्या दिवशी बाजारात तिनं एका गिऱ्हाइकाला दोनच पाण्यांनी धुतलेला मासा दिला. सेलिंगनं ते पाहिलं आणि तिचा हात धरला.

"कोण मेलं?"

"कोणी नाही. पण मरेल." होनोरातानं सगळं सांगितलं.

"मग सांग की त्याला."

"काय सांगू? पहिल्याला सोडून दिलं, हिला उपाशी मारलं? मला मुद्दाम केलं असंच म्हणेल तो. पुन्हा चौदा महिने बोलणार नाही. मी आता अठ्ठावन्न वर्षांची आहे सेलिंग. असे चौदा महिने माझ्याकडे किती वेळा आहेत?"

सेलिंग एरवी कशावरही टोमणा मारते. या वेळी तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचा मासा स्वतः धुवायला घेतला.

होनोराता गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेली. तो भला माणूस, पण त्यानं कानावर हात ठेवले. "मावशी, डुकरं, कुत्री, झुंजीचे कोंबडे. पाय असलेलं काहीही आणा, बघतो. हे मला जमणार नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "ज्याचा साप आहे त्याला विचारा ना."

ज्याला विचारायचं त्याच्याशीच खोटं बोलून बसलेय, हे डॉक्टरला कसं सांगणार?

सातव्या रविवारी एर्विनचा फोन नेहमीपेक्षा लवकर आला, संध्याकाळीच. जहाज कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. होनोराताच्या हातात कोमट पाण्यातली पिशवी होती. फोन तिनं व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवला. त्याचा चेहरा दिसला, तेलकट, झोप न झालेला.

"खाल्लं?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एकदाही खाल्लं नाही. सहा वेळा मी खोटं बोलले."

मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "सहा आठवडे?" तो म्हणाला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाला असतास, मी मुद्दाम केलं."

यावर त्यानं 'छे, असं कसं म्हणेन' म्हणायला हवं होतं. होनोराता त्याचीच वाट बघत होती. एर्विननं खाली बघितलं.

"म्हटलं असतं," तो म्हणाला. मग फोन जवळ घेऊन, "दाखव, कसा देतेस ते. पहिल्यापासून."

तिनं दाखवलं. पाण्यात मनगट बुडवून पाणी कोमट आहे ते दाखवलं. पोट दाबून दाखवलं. तो मान हलवत होता, बरोबर, बरोबर. मग तिनं मिठाचा डबा उघडला.

"आई, थांब. मीठ कशाला?"

"वास जायला."

"कुणाचा वास?"

"उंदराचा. आणि कुणाचा? मग लिंबू, मग साबणाचा एकच थेंब. तीन पाणी घेते मी, साबण राहत नाही, तू काळजी करू नको."

एर्विननं दोन्ही हात तोंडावर धरले. तो हसतोय की रडतोय ते तिला कळेना. "आई," तो म्हणाला, "तिला नीट दिसतसुद्धा नाही. ती वासानं ओळखते. वासच घालवलास तर तिला कसं कळणार ते उंदीर आहे म्हणून? तिला वाटत असेल, ही बाई दर आठवड्याला मला लिंबू दाखवते."

होनोराता हातात मीठ घेऊन तशीच उभी राहिली. वास घालवणं म्हणजे चांगलं करणं, हे ती इतकी वर्षं धरून चालली होती. कुणाला त्या वासाचीच भूक असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"धुवायचे ते तुझे हात," एर्विन म्हणाला. "आधी आणि नंतर, टोप आणि चिमटासुद्धा. उंदीर नाही. तो फक्त कोरडा कर, त्याचं डोकं गरम ठेव आणि..." तिकडे भोंगा वाजला. "माझ्या कामाची पाळी आली. दे तिला. मी नंतर..." आणि फोन बंद पडला.

तिनं मीठ परत डब्यात टाकलं. मग आठवलं, हातमोजे उंदराचे आहेत; तिनं सगळं मीठ फेकून दिलं, डबा बाहेर ठेवला आणि नवे मोजे चढवले. उंदीर टिपला. वास तसाच होता, कुबट, उग्र. तिनं तोंडानं श्वास घेत चिमटा पुढे केला.

बिकोची जीभ एकदाच बाहेर आली. पुढचं इतक्या झटक्यात झालं की होनोराताच्या हातून चिमटाच सुटला. मेलेल्या उंदराला बिकोनं तीन वेढे घातले, जिवंत असावा तसे, आणि मग सावकाश, डोक्याकडून सुरुवात करून, आत घेतला. होनोराता जमिनीवर बसून शेवटपर्यंत बघत राहिली. देवाचे आभार मानायचेही तिला सुचले नाहीत. मग हात धुतले आणि संदेश लिहिला: खाल्लं.

सकाळी ओट्यावर असताना उत्तर आलं. एकच शब्द. "फोटो?"

फोटो नव्हता. फोन बाटलीला टेकवलेला राहिला होता, तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यानं पुरावा मागितला हे तिला इतकं लागलं की तिनं फोन पिंपाच्या झाकणावर आपटला.

"आता का?" सेलिंग फोन उचलून वाचत म्हणाली. "सहा वेळा थापा मारल्यास, त्यानं एकदा फोटो मागितला तर लगेच नाकाला मिरच्या झोंबल्या? दोन दिवसांनी वजन कर आणि काट्याचा फोटो पाठवून दे. झालं."

"काट्याची साक्ष काढू? पोटच्या पोरासमोर?"

"तुझ्या साक्षीला कोण विचारतंय? तुझी साक्ष तूच बुडवलीस."

हे खरं होतं, म्हणून होनोराता तिच्याशी दुपारपर्यंत बोलली नाही. तिनं वजन केलं, पण आपल्यापुरतंच: सहाशे आठ. एर्विनला एवढंच लिहिलं, "फोटो काढला नाही. पण खाल्लं." त्यावर उत्तर आलं नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. शुक्रवारपर्यंत ती दिवसातून वीस वेळा फोन बघत होती आणि प्रत्येक वेळी फोनला खवले चिकटत होते.

आणि तेवढ्यात बिकोचं पुन्हा बिघडलं. अंगावरचा रंग मळला, डोळ्यांवर दुधासारखा पडदा आला. रविवारी होनोरातानं उंदीर सांगितल्यासारखा दिला, न धुता, गरम करून. बिको करवंटीखालून बाहेरच आली नाही.

तासाभरात फोन येणार होता. होनोराता पडवीत स्टूलावर बसून विचार करू लागली, आणि जितका विचार केला तितकं तिला भय वाटू लागलं. आज नाही खाल्लं म्हटलं तर मागच्या रविवारचं 'खाल्लं'ही खोटं ठरणार. त्याला वाटणार, फोटो नव्हता कारण खाल्लंच नव्हतं. एकदा 'खाल्लं' म्हणून टाकलं की सुटका. पुढच्या रविवारी खाईलही. हा तोच जुना चांगला विचार होता. तिनं तो ओळखला.

फोन वाजला.

"खाल्लं?"

"आज नाही खाल्लं," ती म्हणाली. तिनं फोन दोन्ही हातांनी धरला. "तोंडसुद्धा बाहेर काढलं नाही. काही धुतलं नव्हतं, शपथ."

मामीच्या दारात उभी राहून ऐकायची तशी ती ऐकत राहिली.

"डोळे कसे आहेत तिचे?" त्यानं विचारलं.

"दुधी. आंधळी झाल्यासारखे."

"कात टाकणार आहे मग. तेव्हा खात नाहीत ते. आजारी नाही ती." "आई, मागच्या आठवड्यात मी उत्तर दिलं नाही. खोटं वाटलं मला. म्हटलं, आपण घरी येईपर्यंत ही खाल्लं, खाल्लं म्हणत राहणार आणि पेटीत काहीच नसणार."

होनोरातानं मान हलवली. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

"पण जिला खोटंच बोलायचं असतं," एर्विन म्हणाला, "ती आजही खाल्लंच म्हणाली असती. मागच्या रविवारी खाल्लं होतं तिनं. हो ना?"

"हो," होनोराता म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "खाल्लं होतं रे."